ॲड-इन्सची हजेरी

सांगते, पण हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी इतकी बेजार झालेय, की मधेच कुणी हसलं तर परत पहिल्यापासून सांगायचं त्राण नाही माझ्यात.

पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी कोड लिहिते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून विनवण्या करकरून घरून काम करायची परवानगी काढली आणि आमच्या गावी, पिंगळीला आले. परवानगी देताना आमचे मॅनेजर सर म्हणाले होते, "गावाकडून जमत असेल तरच हं मॅडम. नाहीतर लगेच ऑफिसला यायचं."

आठ दिवस झकास गेले. नवव्या दिवशी सकाळी मी चार ओळी लिहिल्या, सेव्ह केलं, आणि एडिटर गायब! एडिटर म्हणजे आम्ही ज्यात कोड लिहितो ते सॉफ्टवेअर. समोरून उठून निघूनच गेलं. आणि नेमकी त्याच क्षणी परसात पाण्याची मोटार घरघरली.

आता मला सांगा, तुम्ही काय समजला असता?

"पप्पा! मोटार बंद करा! व्होल्टेज पडायलंय!"

पप्पांनी धावत जाऊन मोटार बंद केली. मी एडिटर उघडला. चांगला दहा मिनिटं चालला! झालं, गुन्हेगार सापडला. त्या दिवसापासून माझ्या कामाच्या वेळेत मोटारीला बंदी. तरी एडिटर पडेच. मग मिक्सरला बंदी. मग कूलरलाही.

आई खाटेवरून म्हणाली, "मिक्सर न्हाई, कूलर न्हाई. हा असला गुडघा घेऊन पाट्यावर चटणी वाटायला बसू का आता?"

शेवटी वायरमन गंगाधरमामांना बोलावलं. त्यांनी घरातल्या एकूण एक प्लगात टेस्टर घातला, बोर्ड उघडला, अर्थिंग तपासलं. सगळं बरोबर. मग चहा पिता पिता लॅपटॉपकडं बघून म्हणाले, "ताई, एक इचारू का? ह्याला बॅटरी असती ना? वायर काढली तरी चालतंय ना हे?"

"चालतं."

"मग मोटारीचा आन् ह्याचा संबंध काय?"

इंजिनियर कोण हो? मी. डिग्री कुणाकडं? माझ्याकडं. मी बशीत चहा ओतला.

मोटार निर्दोष सुटली, तर संशय लॅपटॉपवर. सरांना कळवलं, लॅपटॉप बिघडलाय. त्यांनी कुरियरनं नवा पाठवला आणि वर फोन करून सांगितलं, "यावरही अडचण आली तर मात्र बॅग भरा, मॅडम." आईला तेव्हा धरून चालवावं लागत होतं.

नवा लॅपटॉप आला. मी माझं खातं उघडलं. एडिटरनं अदबीनं विचारलं, तुमची जुनी सगळी मांडणी इकडं आणू का? आण बाबा, तेवढंच काम वाचेल! त्यानं आणली. मी सेव्ह केलं. एडिटर गायब!

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. लॅपटॉप नवा होता, पण दुखणं मी सामानासकट सोबत आणलं होतं. ॲड-इन्स! एडिटरला असे छोटे छोटे जोड लावता येतात. एक कंस जुळवतो, एक रंग बदलतो, एक चुकांखाली रेघ मारतो. माझ्याकडं किती निघाले? सेहेचाळीस! त्यातले निम्मे कधी घेतले, आठवेना. एक तर नुसता स्क्रीनच्या तळाशी मांजर फिरवायचा.

"हे मांजर कामून लागतंय कोडाला?" पप्पांनी विचारलं.

मी तळहातानं मांजर झाकलं.

पप्पा म्हणजे रिटायर मास्तर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वर्गात कालवा कोण करायलंय ते कळंना, की आमी अर्धी पोरं बाहीर काढायचो. कालवा थांबला तर तो बाहीर हाय. न्हाई थांबला तर आत."

उपाय अगदी बरोबर होता! पप्पांनी वहीत सेहेचाळीस नावं लिहिली आणि हजेरीपटासारख्या रेघा मारल्या. मी तेवीस बंद केले, एडिटर परत सुरू केला, सेव्ह केलं. गायब!

"आत हाय!" पप्पा खूश. लाल पेनानं बाहेरच्या तेविसांना निर्दोष सोडलं.

पण हा गुन्हेगार लय पाजी. कधी लगेच पाडायचा, कधी अर्धा तास छळायचा. दोन फेऱ्यांत दुपार गेली. जेवण राहिलं. तिसऱ्या फेरीला एडिटर पडला, मी परत उघडला, तेवढ्यात पप्पा ओरडले, "थांब! कोपऱ्यात आत्ता काय आलतं ते?"

"काही नाही हो पप्पा, कसलीशी सूचना येतच असते."

"मग तू काय करतीस?"

"फुली मारते."

"वाचतीस का?"

मी पटकन परत सेव्ह दाबलं.

पुढच्या वेळी पप्पांनी माझं मनगटच धरून ठेवलं. चष्मा लावला, वाकले, आणि इंग्रजीतला तो मजकूर शब्दाशब्दावर थांबत वाचला. अर्थ अगदी सरळ होता: अमक्या ॲड-इनमुळे एडिटर बंद पडला, ते बंद करायचं का? नाव लिहिलेलं! कोडातल्या जास्तीच्या मोकळ्या जागा पुसणारं ॲड-इन. बिघाड सुरू व्हायच्या आदल्याच दिवशी मी हौसेनं घेतलेलं. खाली 'हो' आणि 'नाही'.

पहिल्या दिवसापासून तो बिचारा एडिटर दर वेळी मला चोराचं नाव सांगत होता, आणि मी दर वेळी त्याच्या तोंडावर फुली मारत होते.

'हो' दाबलं. संपलं. नंतर एकदाही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑनलाइन मीटिंग. अकरा जण ऐकत होते. सरांनी विचारलं, "काय निघालं मग शेवटी?"

मी आवाज जड केला. "सर, एका ॲड-इनच्या अंतर्गत रचनेत दोष होता. शोधायला बरेच कष्ट पडले..."

"खोटं कामून बोलायलीस?" मागून पप्पा! पेपर बाजूला ठेवून थेट माझ्या खांद्यापाशी. आणि माझा माइक चालू. "सर, नाव लिहून येत होतं हो दर टायमाला. हिनं वाचलंच न्हाई!"

मी टेबलाखाली जागा किती आहे ते बघत होते.

"नमस्कार काका," सर म्हणाले. "तुम्ही दिवसभर घरीच असता का?"

"हाव. रिटायर झालोय ना."

"मग हरकत नाही. आईंना पूर्ण बरं वाटेपर्यंत मॅडमना राहू द्या तिकडंच. इथं ऑफिसात त्यांना वाचून दाखवायला कुणी नाही."