डांबरगोळीचा चंद्र

मुलुंडच्या त्या मराठी शाळेत चंद्र भाऊराव धिवारांच्या ताब्यात असे. सूर्य आणि पृथ्वीही होती, पण त्यांची कटकट नव्हती.

भाऊराव शाळेचे शिपाई, राहायला शाळेमागच्याच चाळीत. भूगोलाच्या कपाटात एक यंत्र होतं. मध्ये साठचा बल्ब म्हणजे सूर्य, दांड्यावरचा रबरी चेंडू म्हणजे पृथ्वी, आणि चेंडूभोवती तारेवर फिरणारा चंद्र. मूळचा लाकडी चंद्र बहात्तर साली कुणीतरी पळवला. मुख्याध्यापकांनी नव्या चंद्रासाठी वर अर्ज केला, तो अजून वरच फिरतो आहे. तोवर भागवायचं म्हणून भाऊरावांनी तार तापवून तिच्यावर डांबरगोळी बसवली. ही गोळी जूनमध्ये बोराएवढी असायची आणि बल्बच्या उबेनं झिजत झिजत दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वाटाण्यावर यायची. नलिनीबाई सातवीला ग्रहण शिकवत, भाऊराव दांडा फिरवत, आणि वर्गभर लुगड्यांच्या ट्रंकेचा वास सुटे. एकदा बाईंना खोकल्याची उबळ आली तेव्हा पुढचं सगळं, सावली कशी पडते इथपासून चंद्र तांबडा का दिसतो इथपर्यंत, भाऊरावांनीच सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "भाऊराव, माझी नोकरी शाबूत ठेवा."

एवढं सगळं येणाऱ्या या माणसानं खरं ग्रहण मात्र एकदाही पाहिलं नव्हतं.

त्याचं कारण फलटणकडच्या एका गावात होतं. भाऊराव सात-आठ वर्षांचे असताना ग्रहणाच्या रात्री त्यांची आई, शांताबाई, पदराची झोळी करून गावात निघायची. भाऊराव लुगड्याचा काठ धरून मागं. "दे दान, सुटे गिराण," अशी हाळी आई दारोदार घालायची. तिचा आवाज असा की ओढ्यापलीकडच्या वस्तीला वेगळं सांगायला नको. मग ओलेत्यानं उभी असलेली माणसं लांबूनच पसाभर धान्य किंवा एखादं विटकं धडुतं तिच्या पदरात टाकायची. सगळा गाव आभाळाकडं बघायचा आणि ही दोघं दारांकडं. पोरानं मान वर केली की आई म्हणायची, "वर बघू नगंस. खाली पडल्यालं दिसत न्हाई."

छप्पन साली धर्म बदलला, हाळी सुटली, पुढच्या वर्षी गावही सुटलं. पण त्यानंतर ग्रहण आलं की भाऊराव खिडकी लावून लवकर निजत. यंत्रातलं ग्रहण निराळं. त्याचं बटण आपल्या हातात असतं.

पंच्याऐंशी साली आईनं अंथरूण धरलं. गणपतीपासून तिचा आवाज इतका खाली गेला की पाणी हवं असलं तर ती भांड्यावर नख वाजवायची. डॉक्टर म्हणाले, "हृदय थकलंय. मनाला येईल ते खायला घाला." असं डॉक्टर कधी म्हणतात, हे चाळीतल्या पोरालाही कळतं. त्याच आठवड्यात नलिनीबाई सहज म्हणाल्या, की यंदा कोजागिरीलाच खग्रास चंद्रग्रहण आहे, सोमवारी, साडेनऊला सुरू. भाऊराव दांडा फिरवायचे थांबले. पृथ्वी मध्येच लटकली.

आईला एकदा ग्रहण दाखवायचं. पदर पसरून नव्हे, खुर्चीत बसून, मान वर करून.

"म्हातारीला शाळेचे दोन जिने चढवणार तुम्ही?" बायको म्हणाली. मालन मुंबईतच वाढलेली, फटकळ. ग्रहणात काही चिरू नये म्हणतात म्हणून ती दर ग्रहणाला हटकून कांदा चिरायला बसे. "आणि तिला दिसणार काय तिथनं?"

"चंद्र."

"चढवाल हो हौसेनं. पण म्हातारीला परत उतरवणार कोण?"

उतरवायला आणि चढवायला गुणाजी तयार झाला. गुणाजी मालवणकडचा, आधी गिरणीत. संपात गिरणी गेली आणि आता तो शाळेला खेटून असलेल्या सोसायटीचा वॉचमन होता. त्या सोसायटीत निराळाच घोळ चालला होता. कोजागिरीला दूध चांदण्यात ठेवून प्यायचं, आणि ग्रहणाचे वेध तर दुपारपासून, तोंडात थेंब घ्यायचा नाही. यावर दोन सभा झाल्या. शेवटी दूध आदल्या रात्रीच पिऊन कोजागिरी उरकण्यात आली.

सोमवारी संध्याकाळी ठाण्याच्या बाजूनं ढग आले.

"ह्या ढगांका दुसरो कामधंदो नाय," गुणाजी म्हणाला. "पंधरा दिवस खंय मेलेले होते कोण जाणे."

तरी नऊ वाजता दोघांनी मुख्याध्यापकांची हातांची खुर्ची बाहेर काढली, तिच्यात शांताबाईला बसवलं आणि खुर्ची उचलून गच्चीवर नेली. म्हातारीचं वजन असं काही नव्हतंच. खुर्चीचंच होतं. मालननं गोधडी पायांवर टाकली. "आत्याबाई, हेडमास्तरीण दिसताय," ती म्हणाली, आणि म्हातारी बोळक्यानं हसली.

साडेनऊ झाले. आभाळ तव्याच्या बुडासारखं. भाऊराव हळूहळू आईला सांगत होते, आता सावली कडेला लागली असेल, आता अर्ध्यावर आली असेल. हे त्यांना ढगाआडूनही कळत होतं. आईला डुलकी लागली होती. साडेदहाला गुणाजी म्हणाला, "भाऊराव, खाली न्हेवया. दव पडता." भाऊराव म्हणाले, "अजून अर्धा तास." अकरा वाजताही ते तेच म्हणाले.

सव्वाअकराच्या सुमारास स्टेशनकडच्या कुठल्याशा गच्चीवर गलका झाला. तिकडं ढग फाटले असावेत. "दिसलं, दिसलं," असं ऐकू आलं, आणि पाठोपाठ देवळातली घंटा वाजू लागली. म्हातारीनं डोळे उघडले.

"गिराण लागलं का रं, भाऊ?"

"लागलंय आये. तू वर बघ. आत्ता उघडेल."

पण तिनं वर बघितलं नाही. तिला ग्रहण कानांनीच ठाऊक होतं. तिनं गोधडी ढकलली, पदर पुढं ओढला, दोन्ही हातांनी त्याची झोळी केली आणि समोरच्या उजेड असलेल्या बाल्कन्यांकडं तोंड करून हाळी घातली, "दे दान, सुटे गिराण."

गणपतीपासून पाणी मागायलाही न निघालेला आवाज गच्चीवरून सरळ सोसायटीवर गेला. बाल्कन्यांत माणसं वळून बघू लागली. मालन जागच्या जागी उभी राहिली. म्हातारीनं पुन्हा श्वास घेतला, आणि भाऊरावांनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"नको आये. आता मागायचं नसतं आपण. नुसतं बघायचं."

तळहाताखाली तिचे ओठ हलत राहिले. मग थांबले. हाताच्या वर तिचे डोळे होते. खोडीबद्दल दटावलेल्या, पण नेमकी कोणती खोडी ते न कळलेल्या पोराचे असावेत, तसे. भाऊरावांनी हात काढला, पण तिनं पुन्हा हाळी घातली नाही.

सोसायटीतल्या जयाबेनची बाल्कनी शाळेच्या गच्चीवर आल्यासारखीच होती. तिथून हाक आली, "माजी, रुको हां, अभी देती मैं." जयाबेनच्या मनात पाप नव्हतं. ग्रहणात दान द्यावं हे तिलाही लहानपणापासून शिकवलेलं, आणि इतक्या वर्षांत मुलुंडमध्ये घेणारं कुणी दारात आलं नव्हतं. भाजीवाल्यासाठी सोडायची ती दोरीची पिशवी हलत हलत खाली आली.

"नको ताई, आम्ही तसे नाही," भाऊराव म्हणाले. पण खुर्चीतून आईचे दोन्ही हात पिशवीकडं उंच झाले होते. ते हात भाऊरावांना खाली करवेनात. त्यांनी पिशवी धरली आणि दोरीची गाठ सोडायला लागले.

"भाऊराव, वर बघ," गुणाजी म्हणाला. "सोड ता. वर बघ आधी."

गाठ ओली होती. ती सुटून भाऊरावांनी मान वर केली तेव्हा ढगाच्या कडेला तांबूस डाग तेवढा उरला होता, शाई टिपकागदात मुरावी तसा. तोही गेला. जेमतेम दोन मिनिटं उघडलं होतं म्हणे.

"बघितलंस का आये?" त्यांनी खाली वाकून विचारलं.

तिचा हात पिशवीत होता. "बघितलं की," ती पुटपुटली. "तांदूळ हाय. चांगला दोन शेर भरंल."

ते तांदूळ घरात नकोत, असं मालन खाली उतरेपर्यंत तीनदा म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनंच त्यांचा मऊ भात केला. म्हातारीनं चार घास खाल्ले. त्या महिन्यात तिनं तेवढंच काय ते खाल्लं. मात्र त्या रात्रीनंतर ती भांड्यावर नखही वाजवीना. तहान लागली तर भाऊरावांकडं बघून ती स्वतःचाच हात ओठांवर ठेवायची. दिवाळीच्या आदल्या दिवशी ती गेली.

गंमत बघा, पुढच्या वर्षी पुन्हा कोजागिरीलाच खग्रास ग्रहण आलं. आभाळ धुतल्यासारखं. भाऊराव एकटेच गच्चीवर गेले. त्यांनी खुर्ची नेली नाही. पहिल्या कडेपासून शेवटच्या कडेपर्यंत त्यांनी सगळं पाहिलं. नलिनीबाई शिकवतात तसंच, पायरीपायरीनं, एकही चूक नाही. मध्ये तो पुरता तांबडा झाला तेव्हा जयाबेन बाल्कनीत आली, हातात पिशवी घेऊन. तिनं गच्चीकडं पाहिलं, थोडी थांबली आणि आत गेली.

सुट्टीनंतर सातवीच्या वर्गात भाऊराव यंत्र पुसत होते. वाटाण्याएवढा चंद्र तारेवर डुगडुगत होता.

"बघितलंत का हो यंदाचं?" नलिनीबाईंनी विचारलं.

"बघितलं बाई. सगळं."

"मग? कसं वाटलं?"

भाऊरावांनी तळहात धोतराला उगाचच पुसला आणि दांडा धरला.

"शांत होतं," ते म्हणाले. "फारच शांत होतं, बाई."