ताराचंदचा युरिया

आमच्या कोंढा गावात शहाण्यांची कमी नाही, पण ताराचंदसारखा दीडशहाणा एकच. पिकअप घेतल्यापासून गडी जमिनीवर नव्हता. रोज गाडी धुणार, टायरला काळं पॉलिश लावणार, आरशांना गोंडे बांधणार. बॉनेट मात्र कधी उघडलं नाही. ऑइलची पट्टी काढून बघ म्हटलं, तर म्हणायचा, "नव्या नवरीचे दात मोजतेत का?"

या नव्या गाड्यांना डिझेलशिवाय आणखी एक छोटी टाकी असते. तिच्यात धूर कमी करणारं पाणी घालायचं. त्याला सगळे युरियाच म्हणतात. पंपावर त्याचे सीलबंद डबे मिळतात. ताराचंदच्या घरी धानासाठी आणलेलं युरियाचं पोतं पडलं होतं. त्यानं बादलीभर तलावाच्या पाण्यात ते खत विरघळवलं, बायकोच्या जुन्या लुगड्यातून गाळलं आणि दिलं छोट्या टाकीत ओतून.

"पंपावरचा डबा आणा ना," त्याची बायको चंद्रकला म्हणाली.

"तुले काय समजते? युरिया तो युरिया."

थोड्याच दिवसांत स्टिअरिंगपुढच्या काट्यांच्या काचेत पिवळा दिवा पेटला. या महाभागानं त्यावर चंद्रकलेची टिकली चिकटवली.

नेमकी तीच गाडी आमच्या मच्छीमार संस्थेच्या नशिबी आली, कारण बाकीच्या सगळ्या धानाच्या रोवणीच्या कामात गुंतल्या होत्या. मत्स्यबीज म्हणजे बोटाएवढी मासोळी, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत आणून, दुपारच्या आत आमच्या तलावात सोडायची होती. त्या बीजावर आमच्या घरांचं पुढचं वर्षभराचं पोट होतं. पिशव्या मागं भरून मी ताराचंदच्या शेजारी बसलो. चढावर गाडी कण्हायला लागली.

"दिव्यावर टिकली काहून लावली?"

"तो उगाच जळते, जागेश्वर. तू मासोळ्या पाहाय."

डिझेलचा काटाही तळाला टेकलेला. वाटेत पंप लागला. तिथल्या पोरीनं नियमाप्रमाणे गाडी बंद करायला लावली. टाकी भरली, यानं चावी फिरवली, आणि गाडी काही सुरू होईना. मग साहेब बॉनेट उघडायचा खटका शोधत बसले. तो सापडेपर्यंत बाजूच्या गॅरेजचा मिस्त्री आला. त्यानं छोट्या टाकीचं झाकण काढून वास घेतला.

"हे वावरात टाकाचं होतं, भाऊ. असा युरिया असला का गाडी एकदा बंद केल्यावर चालूच होत नाही. आता टाकी, नळ्या सगळं साफ करा लागते. आज गाडी हालत नाही."

पिशव्या उन्हानं तापल्या होत्या. काही मासोळ्या पोट वर करून तरंगायला लागल्या. दुसरी गाडी मिळेना. पंपामागं दुसऱ्या गावाचा तलाव होता. मी डोक्यावरून एकेक पिशवी नेली आणि आमचं वर्ष त्यांच्या पाण्यात सोडलं. मला रडू येत होतं.

"पुण्य लागते," ताराचंद काठावरून म्हणाला. "जीव तर वाचले." माझे दोन्ही हात पिशवीत गुंतले होते, म्हणून त्याचं थोबाड वाचलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गावानं जाळं ओढलं. आमच्या तलावात काही नव्हतं, म्हणून मी तिथं मजुरीनं ओढायला गेलो. हातभर लांब रोहू निघाले. माल न्यायला गाडी आली ती ताराचंदचीच, टायर चकाचक. त्यानं एक मासा कल्ल्यात बोट घालून उचलला आणि व्यापाऱ्याला दाखवला.

"पाहा माल. याचं बीज मीच आणलं होतं."

मी जाळं ओढत राहिलो. जन्मात एकदाच तो खरं बोलत होता.