साडूंचे जांभळे ठिपके

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, यीस्टच्या प्रकृतीची काळजी वाहणारा गृहस्थ साऱ्या बालाघाटात एकच होऊन गेला, आणि ते आमचे साडू होते.

साडू कॉलेजात रसायन शिकवायचे आणि डॉक्टरेटसाठी घरीच प्रयोग मांडायचे. बैहरकडच्या मोहफुलांच्या आंबवणातलं यीस्ट गुळाच्या पाण्यात वाढवायचं, वाढता वाढता थोडं थोडं काढून उकळायचं आणि पेशींच्या आत कोणतं अमिनो आम्ल किती साठलं ते मोजायचं. कटंगीला सख्ख्या भाचीच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, हातातल्या अक्षता माझ्या ओंजळीत ओतून ते बसस्टँडकडे निघाले. "भरात आलं असन ते आता," एवढंच म्हणाले. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तिला आम्ही ताई म्हणायचो. "मी यीस्ट असती त बरं होतं," ती म्हणे. तेही भांडायचं त्राण नसल्यासारखं.

पेशींचा अर्क गाळणकागदावर थेंब थेंब लावून कागद द्रावात टांगला, की आम्लं वर चढत वेगळी होतात. मग वाळवून, औषध फवारून शेकला की प्रत्येकाचा जांभळा ठिपका उमटतो. जितका गडद, तितकं आम्ल जास्त. घामातही तीच आम्लं असतात, म्हणून कागदाला बोट लावायचं नाही, चिमटाच हवा.

एका उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा शेवटचे कागद ओसरीत दोरीवर वाळत होते. दुसऱ्या दिवशी ते जबलपूरला मार्गदर्शकांसमोर ठेवायचे, नाहीतर नाव कमी होणार होतं. साडू आंघोळीला गेले आणि वावटळ उठली. ताई विळी सोडून धावली, सगळे कागद गोळा करून आत आली आणि वारा पडल्यावर तिनं ते होते तसे दोरीवर लावून ठेवले.

साडूंनी येऊन औषध फवारलं, कागद शेगडीवर धरले. ठिपके उमटले, आणि त्यांच्यावर ताईची बोटं, ठिपक्यांहून गडद. एकही कागद सुटला नव्हता. मी चहाचा कप खाली ठेवला.

"उडून चालले होते," ताई हळूच म्हणाली. "मले वाटलं, तुमची मेहनत जाईन."

साडू कागद उजेडाला धरून निरखत राहिले, जन्माची सवय. अंगठ्याच्या ठशात मधोमध एक आडवी पांढरी रेघ होती, जुन्या खोल जखमेची. त्यांनी कागद बाजूला ठेवला, ताईचा हात ओढून उलटा केला, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"हे कधी कापलं व तुहं?"