बलूनवाल्या बाईच्या हातावर दही

आईनं परतीचं तिकीट स्वतःच ठरवून घेतलं होतं. मी म्हणत होते, हिवाळाभर राहा. ती म्हणायची, "इथं माझं काय काम? तुम्ही ऑफिसात, मी सोफ्यावर."

मग तिला शहराच्या मोहात पाडायचं मी मनावर घेतलं. अमेरिकेतल्या आमच्या अल्बुकर्कीत बघण्यासारखं पुष्कळ आहे. डोंगरावर नेणारा रोपवे दाखवला. आई म्हणाली, "वणीच्या गडावर पण ट्रॉली झालीय." जुन्या गावातली मातीची घरं दाखवली, लोक त्यांच्यापुढं उभे राहून फोटो काढत होते. "आपलं मातीचं घर पाडून स्लॅब टाकला तेव्हा आपण पेढे वाटले," ती म्हणाली. "ह्यांना कुणी सांगितलं नाही वाटतं." शेकडो वर्षांपूर्वी दगडांवर कोरलेली चित्रं बघायला उन्हात पायपीट केली. तिथं तिनं फक्त पाणी मागितलं.

उरला ऑक्टोबरातला, गरम हवेवर उडणाऱ्या बलूनचा उत्सव. तिचं विमान परवाचं होतं. पहाटे थंडीत कुडकुडत आम्ही मैदानावर पोहोचलो. तिथं बलूनच्या अगदी जवळ जाता येतं. आमच्यासमोर एक लालपिवळा बलून फुगत होता आणि पन्नाशीची एक बाई टोपलीत चढत होती.

"ही एकटी जाणार वर?" आईनं विचारलं.

"पायलट आहे ती."

"असू दे. घरचं कुणी आलेलं दिसत नाही."

एवढं बोलून तिनं पिशवीतून दशम्यांबरोबर आणलेला दह्याचा डबा काढला आणि चमचाभर दही त्या बाईच्या तळहातावर ठेवलं. बाईनं माझ्याकडं बघितलं. मी समजावलं, महत्त्वाच्या कामाला निघणाऱ्याला आमच्याकडं असं देतात. तिनं हसून हात चाटला. दहावीपासून शेवटच्या पेपरापर्यंत माझ्याही हातावर असंच दही पडलंय. आमच्या घराण्यातली पहिली पदवी त्या दह्यानं आली, असं आई मानते. अभ्यास मी केला होता, हे मी तिला अधूनमधून सांगत असते.

बलून वर गेला. "आता उतरणार कुठं?"

"वारा नेईल तिथं. त्यांची माणसं गाडी घेऊन मागं जातात."

"मग चल. दही दिलंय मी."

त्यांची माणसं भली होती, "या" म्हणाली. मी त्यांच्या ट्रकमागं गाडी घातली. आई काच खाली करून वर बघत होती. "डावीकडं घे. डावीकडं गं. इंजिनिअर ना तू?"

शेवटी एका मोकळ्या प्लॉटवर बलून टेकला. आईनं त्या बाईच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. बाईनं विचारलं, उद्याही याल का? आठवडाभर रोज सकाळी उडायचंय. मी मराठीत सांगितलं.

आईनं डब्यात किती दही उरलंय ते बघितलं. मग म्हणाली, "परवाचं तिकीट पुढं ढकलता येतं का गं? आठवडाभरच. हिचं होईपर्यंत."

मी हिवाळा मागितला होता. मिळाला एक आठवडा, तोही दुसरीच्या वाट्याचा. पण आईचा विचार बदलायच्या आत मी तिथंच, गाडीच्या बॉनेटला टेकून, एअरलाइनला फोन लावला.