चाळीआडची विडी

त्या वैशाखात केरूनानांच्या उजव्या हाताची बोटं सारखी काहीतरी चाचपायची. कधी सदऱ्याचा खिसा, कधी कान, कधी नुसतीच हवा. चाळीस वर्षं विडी धरलेली बोटं ती. त्यांना रिकामं कसं राहायचं ते माहीतच नव्हतं.

लेक पूजा पहिल्या बाळंतपणाला सटाण्याहून माहेरी विंचूरला आली होती. सातव्या महिन्यात तिला आणताना नाना नुसते मिरवत होते. आठव्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळाचं वजन कमी भरत होतं.

"घरात विडी-सिगारेट कोण ओढतं?" बाईंनी विचारलं.

नानांची बायको लंकाबाई नुसती खोकली. ती जन्मात विडीला शिवली नव्हती. खोकला मात्र वीस वर्षांचा, आणि त्याचं खापर अजून चुलीवरच फुटायचं. घरात गॅस येऊन दहा वर्षं झाली होती!

बाई नानांच्या खिशातल्या विड्यांकडे बघत म्हणाल्या, "तुमचा धूर हिच्या छातीत जातो, नाना, आणि तिथून बाळापर्यंत. दिवस भरायच्या आधीच बाळंत व्हायची. धूर बंद होत नसेल तर हिला सासरी पाठवा."

पहिलटकरीण लेक सासरी परत पाठवायची? गावात तोंड कसं दाखवायचं? नानांनी तिथल्या तिथे बाळाची शपथ घेतली, घरात विडी पेटणार नाही म्हणून.

चार दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. सकाळी विडीवाचून पोट साफ होईना. चहा मचूळ लागे. ओट्यावर बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठं जावं कळेना. मजुरांवर खेकसून झालं, लंकाबाईवर खेकसून झालं. पाचव्या दिवशी पाय आपसूक घरामागच्या, कांदा साठवायच्या चाळीकडे वळले. चाळीच्या पलीकडे उकिडवं बसून त्यांनी विडी पेटवली आणि डोळे मिटले. घर दिसत नव्हतं, म्हणजे घराला आपणही दिसत नाही, एवढा साधा विचार. मग रोज चार-पाच वेळा कांदे बघायला जाणं आलं.

आठवड्याने पूजा मागच्या खोलीतून म्हणाली, "नाना, दिवसभर विडीचा वास येतोय. खिडकी लावावी तर जीव घाबरा होतो. कोण ओढतंय हो?"

नाना तावातावाने बांधावर गेले. शेजारचा लहानू तिथे तंबाखू मळत बसला होता.

"लहान्या, माझी पोरगी दोन जिवाची हाय. तुझा धूर तुझ्या घरात ठेव!"

लहानू त्यांच्याकडे बघतच राहिला. "मी कधी विडी वढली रं? चाळीमागं तूच बसतो. वारं पश्चिमेचं हाय, केरू. कांदा सडू नाय म्हणून चाळ न् घराच्या मधल्या बाभळी तूच तोडल्या ना?"

नानांनी वळून चाळीकडे, मग खिडकीकडे पाहिलं. चाळ कशी बांधावी हे विचारायला लोक त्यांच्याकडे यायचे. वारं कांद्यातून आरपार गेलं पाहिजे, हे ते सगळ्यांना हात हलवून सांगायचे. ते वारं चाळीतून निघून पूजाच्या खिडकीवर आदळत होतं, आणि आठवडाभर नाना स्वतःच त्या वाऱ्याच्या तोंडाशी धूर धरून बसले होते. त्यांना स्वतःची शिसारी आली.

विड्यांचा कट्टा त्यांनी सडक्या कांद्यांच्या ढिगात फेकला. दोन तास घराला फेऱ्या मारल्या. मग भानावर आले तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत त्या ढिगात होते आणि ते कट्टा शोधत होते. हात तसेच पुसून त्यांनी जावयाला फोन लावला.

"शेखरराव, पूजाला घेऊन जा. माझा माझ्यावर भरवसा नाय."

दुसऱ्या दिवशी गाडी आली. लंकाबाई पदराने डोळे पुसत होती. ओट्यांवरून बाया बघत होत्या, कुजबुजत होत्या. नाना फाटकाशीच उभे राहिले. सकाळपासून तीन विड्या झाल्या होत्या.

पूजाने काच खाली घेतली. "नाना, जवळ तरी या. डोक्यावर हात ठेवा."

त्यांचा हात उचलला गेला, पण पाय एक पाऊल मागे सरले.

"काच वर घे, पोरी," ते म्हणाले. "वारं तुझ्याकडंच हाय."