भूकंपानंतरचं गाव

लालबागच्या मंडळाने यंदा गणपतीच्या देखाव्याला इटलीतलं डोंगरावरचं गाव ठरवलं आणि काम नेहमीप्रमाणे जयवंत घाडींना दिलं. मंडळाने निवडलेल्या चित्रातली वरची रंगीत घरं सगळ्यांना आवडली होती. घाडींनी मात्र गाव जसं घडलं तसं पायथ्यापासून उभं केलं. तळाला रोमनांची भिंत, तिच्यावर सरदारांचा बुरूज, त्याला लागून चर्च. पुढे भूकंपात अर्धं गाव कोसळलं होतं, म्हणून कागदाच्या लगद्याच्या त्या भिंतींना त्यांनी मोठं भगदाड पाडलं.

मंडळाचा अध्यक्ष विनीत बघायला आला आणि थबकला.

"काका, बाप्पासमोर पडझड? अशुभ दिसतं. बुजवा, नाहीतर पडदा लावून झाकू."

"अरे, तिथे माणसं मेली. झाकायचं काय?"

"लोक नवस बोलायला येतात काका, इतिहास शिकायला नाही."

धाकटी मुलगी आजारी होती तेव्हा घाडीही नवसाच्या रांगेत उभे राहिले होते. ती वाचली नाही. तरी पुढच्या वर्षी त्यांनी देखावा केला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भगदाड बुजवलं, पण पडलेल्याच तुकड्यांनी. चर्चचा नक्षीदार दगड एका घराच्या उंबऱ्याला लागला, बुरुजाचा खिडकीखाली. भिंत वेडीवाकडी झाली.

"सरळ का नाही केलीत?" विनीतने विचारलं.

"मागे उरलेल्यांनी अशीच बांधली होती."

विनीतने उंबऱ्याच्या त्या नक्षीदार दगडावरून बोट फिरवलं. मग त्याने पोरांना पडद्यासाठी रोवलेले बांबू उपटून न्यायला सांगितले.