दातांच्या डॉक्टरांचा लोडर

कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्याला माझं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक मिलिंग मशीन, एक ड्रिल आणि पत्र्याखाली मावेल तेवढा पसारा. डिप्लोमा झाल्यावर खालापूरच्या बाजूला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी बरीच वर्षं काढली आणि मग स्वतःचं काम सुरू केलं. लेथवर बाई कशी, हे बघायला सुरुवातीला लोक उगाच थांबायचे. आता थांबतात ते झिजलेला शाफ्ट नाहीतर तुटलेला गिअर घेऊन. माझं काम चोख असतं हे त्यांना हळूहळू कळलं. मला ते आधीपासून माहीत होतं.

डॉक्टर आले ते उन्हाळ्याच्या तोंडावर, रिक्षातून. मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. रिक्षावाल्याने आणि मी मिळून ते टेबलावर ठेवलं. डॉक्टरांना मी लगेच ओळखलं. कर्जतच्या बाजारात त्यांचा दातांचा दवाखाना होता आणि आमच्या गावातल्या निम्म्या लोकांच्या दाढा त्यांनीच काढल्या होत्या. माझीही एक. दवाखाना बंद केल्यापासून ते भिसेगावात घरीच असत.

"मी तुमची पेशंट होते, डॉक्टर. ओळखलंत?"

"चेहऱ्यावरून नाही ओळखता येत मला," ते म्हणाले. "तोंड उघडलंस तर सांगतो."

मग त्यांनी चादर सोडली. आत पिवळा लोडर होता. खडी-मुरूम भरायला रस्त्याच्या कामावर असतो तसा, पुढे बकेट, मोठी चाकं, वळताना मधून वाकणारा. फक्त हा माझ्या हाताएवढा लांब होता आणि रिमोटवर चालायचा. असली खेळणी मी पाहिली होती, पण त्यांची बकेट साध्या मोटरवर उचलली जाते. याच्या पोटात खराखुरा पंप होता, तेलाची टाकी होती, सुतळीएवढ्या जाडीचे पाइप होते आणि बकेट उचलायला दोन्ही बाजूंना बोटाएवढे सिलिंडर. पंप आणि व्हॉल्व्ह डॉक्टरांनी बाहेरून मागवले होते. बाकी सगळं दवाखान्याच्या मागच्या खोलीत, पेशंट नसतील तेव्हा, स्वतः केलं होतं.

"बकेट वर केली की वर राहत नाही," ते म्हणाले. "हळूहळू खाली बसते. तेल गळतं. सील बदलून बदलून थकलो मी. हल्ली बारीक काम होत नाही माझ्याच्याने."

"ठेवून जा," मी म्हणाले. "पूर्ण उघडून बघते."

उघडल्यावर दोष लगेच दिसला. सिलिंडर म्हणजे एक नळी. तिच्यात पिस्टन असतो. तेलाचा दाब आला की पिस्टन सरकतो आणि त्याला जोडलेला रॉड बाहेर येऊन बकेट उचलतो. नळी आतून काचेसारखी गुळगुळीत हवी. ही आतून ओरखडली होती आणि नवीन रबरी सील तिथे जाऊन पुन्हा पुन्हा कापली जात होती. मी डॉक्टरांना फोन केला आणि सिलिंडर, रॉड, पिना सगळं नव्याने करते म्हणून सांगितलं. ते खूश झाले.

ते काम मी मजेत केलं. दिवसभर मोठे शाफ्ट आणि बुश करून झाले की संध्याकाळी हे छोटे जॉब लावायचे. नळ्या आतून घासून चकचकीत केल्या, घासलेल्या स्टेनलेसचे रॉड कापले, पिस्टनला सीलसाठी खाचा पाडल्या. माप घेताना श्वास रोखावा लागत होता. तयार झालेले दोन सिलिंडर मी कापसावर ठेवले आणि बराच वेळ बघत बसले.

जोडायच्या दिवशी डॉक्टर आले. मी रिमोटची काडी पुढे ढकलली. आर्म, म्हणजे बकेट धरणारा तो लोखंडी हात, वर गेला खरा, पण थांबत थांबत, गचके खात.

"तेलात हवा असेल," मी म्हणाले.

डॉक्टरांनी कान अगदी जवळ नेला आणि मला पुन्हा एकदा चालवायला सांगितलं.

"हवा नाही. पिस्टन अडतोय. तू खाच उथळ ठेवली आहेस, रबर फार दाबलं जातंय."

मी खोलून पाहिलं. बरोबर होतं त्यांचं. छोट्या सीलला मी मोठ्या सीलचा हिशेब लावला होता. खाच थोडी खोल केली, परत जोडलं, आणि आर्म अलगद वर गेला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. दोघांनाही समोरचा माणूस कामाचा आहे हे पटलं होतं.

लोडर भिसेगावला गेला आणि आठवड्याभरात त्यांचा फोन आला.

"उजवीकडून परत गळतंय."

"शक्यच नाही," मी म्हणाले.

"ये आणि बघ."

मी दुपारचं काम टाकून गेले. उजव्या सिलिंडरखाली तेलाचा थेंब लोंबत होता. माझ्या सिलिंडरखाली! लोडर उचलून वर्कशॉपला आणला, सील काढली आणि उजेडात धरली. ती एकाच बाजूने झिजली होती. नळीवरही ओरखडा उमटायला लागला होता, तोही त्याच बाजूला. तेव्हा मला कळलं की दोष सिलिंडरचा नव्हताच. काहीतरी त्याला आडवं रेटत होतं.

आर्मला दोन पाती होती, एक डावं आणि एक उजवं, मध्ये आडव्या नळीने जोडलेली. दोन्हींना मागच्या टोकाला भोकं होती आणि त्यांतून जाणाऱ्या पिनांवर सगळा आर्म वरखाली व्हायचा. मी एक सरळ रॉड घेतला आणि डाव्या भोकातून आत घातला. तो उजव्या भोकापर्यंत गेला आणि काठावर अडला. भोकं समोरासमोर नव्हतीच. फरक काडीएवढा, पण तेवढ्याने आर्म दर वेळी पीळ खात वर जात होता आणि तो पीळ उजव्या रॉडवर येत होता.

डॉक्टर आल्यावर मी तोच रॉड त्यांना घालून दाखवला. त्यांनी वाकून पाहिलं.

"आर्म नवा करूया," मी म्हणाले. "मला दोन दिवस पुरतील. अगदी हुबेहूब करते."

"नको."

"डॉक्टर, हा ठेवला तर मी कितीही सिलिंडर केले तरी गळणार."

"आर्म नको बदलू. बाकी काय ते कर."

"बाकी करण्यासारखं काही नाही. एक तर नवा आर्म, नाही तर मी या कामात हात घालत नाही."

हे मी जरा जोरातच म्हणाले असेन. त्यांनी लोडरवर चादर घातली.

"सिलिंडर तुझे," ते म्हणाले. "रॉड तुझे, पिना तुझ्या. आर्मही तुझा झाला तर माझं त्यात काय राहिलं?"

रिक्षा थांबवून ठेवली होती. ते लोडर घेऊन निघून गेले.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती माझी बाजू घेईल याची मी वाट बघत होते. आई भाकरी थापत होती.

"मंग तू काय म्हनालीस त्यांना?"

"म्हटलं, मला जमणार नाही."

"आगं, जमनार नाय, का करायचं नाय?" आईने भाकरी तव्यावर टाकली. "माझी कवळी टोचत व्हती तवा त्यांनी काय नवी केली? तीच घासली. परत टोचली, परत घासली. चार येळा गेले मी. एकदा बी म्हनाले नाय का बाई, आता जमनार नाय."

"आई, कवळी वेगळी आणि लोखंड वेगळं."

"आसंल," आई म्हणाली. "मला काय कळतंय लोखंडातलं. पन तू तोंड पाडून बसलीस ते दिसतंय."

मी जेवून घेतलं. डॉक्टरांचा हट्ट चुकीचा होता असंच मला वाटत होतं, पण त्यांचा प्रश्न काही डोक्यातून जात नव्हता.

पुढच्या आठवड्यात खालापूरजवळच्या एका गॅरेजवाल्याने गनमेटलचे बुश, म्हणजे भोकात पिनेभोवती बसणाऱ्या धातूच्या कड्या, मागवले. त्याच्याकडे एक मोठा, खराखुरा लोडर दुरुस्तीला आला होता आणि मला ते बुश त्यात बसवून बघायचे होते. मी गेले तेव्हा त्या लोडरचा आर्म ओट्यावर आडवा टाकलेला होता. वर्षानुवर्षं मुरूम ओढून त्याची पिनेची भोकं लंबगोल झाली होती. गॅरेजवाल्याने दोन्ही भोकांतून एकच लांब दांडा ओवला होता. दांड्याला कापायचं टूल होतं. मोटर फिरत होती आणि तो दांडा आधी एक भोक आणि मग दुसरं, एकाच रेषेत मोठं करत चालला होता. भोकं मोठी झाली की त्यांत माझे बुश बसणार आणि बुशमध्ये पिन. आर्म तोच राहणार.

हे काम मी पहिल्यांदा बघत नव्हते. असल्या भोकांसाठी मी कितीतरी बुश करून दिले होते. पण त्या दिवशी मी जागीच थांबले.

"काय झालं, ताई? माप चुकलं?" गॅरेजवाल्याने विचारलं.

"माझं माप कधी चुकलंय?" मी म्हणाले. "चालू दे तुझं."

बुश बसवून झाल्यावर मी तिथूनच थेट भिसेगावला गेले. डॉक्टर अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी बसलेही नाही.

"आर्म तुमचाच ठेवायचा," मी म्हणाले. "दोन्ही भोकं एकाच दांड्यावर एकदम कापायची. थोडी मोठी होतील. मग त्यांत बुश दाबून बसवायचे. पिन सरळ जाईल."

त्यांनी पेपर खाली ठेवला. 

"पात्याला भोकाभोवती जागा कमी आहे. भिंत पातळ होईल."

"मी मोजलंय. पातळ बुश करते. पुरेल."

"कापताना टूल अडकलं तर?"

"तर आर्म गेला," मी म्हणाले. "पण नाही अडकणार."

"तू एवढ्या खात्रीने कशी सांगतेस?"

"कारण कापणार मी आहे."

ते हसले आणि आत जाऊन लोडर घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून होते. आर्म मिलिंग मशीनवर बांधायला जितका वेळ लागला तितका कापायला लागला नाही. खालून आधार दिले, डायलचं मापयंत्र लावून सगळ्या बाजूंनी तपासलं, सैल वाटला तो एक आधार पुन्हा बसवला.  मी मशीन चालू केलं. पहिला कट अगदी हलका घेतला. डाव्या पात्यातून चकचकीत कीस पडला, मग उजव्यातून. उजव्या भोकाची एकच बाजू कापली जात होती, दुसरीला टूल लागतच नव्हतं.

"बघा," मी म्हणाले. "इतका फरक होता."

"माझ्या हाताने ड्रिल केलं होतं," डॉक्टर म्हणाले. "एक पातं सकाळी, एक संध्याकाळी. मध्ये पेशंट आला."

त्यावर आम्ही दोघंही हसलो. आणखी दोन कट घेतल्यावर दोन्ही भोकं गोल झाली. बुश मी आदल्या दिवशीच करून ठेवले होते. ते दाबून बसवले. मग तो सरळ रॉड मी डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी तो डाव्या बाजूने आत सोडला. तो दुसऱ्या बाजूने न अडता बाहेर आला आणि त्यांच्या तळहातावर टेकला. त्यांनी तो परत काढला आणि परत घातला. असं तीनदा केलं.

उजव्या सिलिंडरला मी नवी नळी आणि नवी सील घातली. जोडाजोड झाली, तेल भरलं. डॉक्टरांनी बकेटमध्ये माझे जाड नट भरले, आर्म पूर्ण वर केला आणि म्हणाले, "आता जेवून येऊ." नाक्यावर आम्ही वडापाव आणि चहा घेतला. बोलणं चाललं होतं ते दवाखान्याचं आणि कारखान्याचं, पण दोघांचंही लक्ष तिकडेच. परत आलो तर बकेट होती तिथेच होती. डॉक्टरांनी सिलिंडरखालून रुमाल फिरवला आणि उलटा करून मला दाखवला. कोरडा होता.

पावसाळा संपल्यावर कामाच्या ओघात मी एकदा भिसेगावला गेले. फाटकाशी बारीक खडीचा ढीग होता आणि डॉक्टर बनियनवर, गळ्यात रिमोट अडकवून, लोडर चालवत होते. डॉक्टरांच्या पत्नी, काकू, दारात उभ्या होत्या.

"ये बाई," त्या म्हणाल्या. "आज खडी चिकूखाली चालली आहे. काल चिकूखालून फाटकाशी आली होती."

"पण ती कुठे हवी आहे?"

"कुठेच नको आहे. घराचं काम झालं तेव्हाची उरलेली आहे."

डॉक्टरांनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. बकेट भरली, लोडर मागे घेतला, मधून वळवला आणि चिकूखाली नेऊन रिकामा केला. मग गळ्यातला पट्टा काढून रिमोट माझ्यापुढे धरला.

मी त्याचा भाग न् भाग हाताळला होता, पण मोकळ्या जागेत कधी चालवला नव्हता. काडी पुढे ढकलली. लोडर खडीत घुसला, बकेट शिगोशीग भरली आणि मी उचलायला गेले तशी मागची चाकं जमिनीवरून सुटली.

"अगं, थोडी कमी भर," डॉक्टर म्हणाले. "आणि घाई करू नकोस. आधी मागे घे."

मी मागे घेतला, थोडी खडी सांडून टाकली आणि पुन्हा बकेट उचलली. या वेळी चारही चाकं जमिनीवरच राहिली.